उचलण्याआधीचा शब्द

प्रिय काडी,

तुझं पत्र येऊन पडलंय कधीचं, आणि उत्तर लिहायला बसलोय ते स्पर्धा तोंडावर आल्यावर. तू म्हणशील, नेहमीचंच, तहान लागली की विहीर खणायची. खरं आहे. फोन करता आला असता, पण फोनवर तू हसतेस, तू हसलीस की मीही हसतो आणि सांगायचं ते राहूनच जातं. पोशाख बसवायला आलेल्या शिंपीणकाकू उद्या गावी परत निघतायत, त्यांच्या हाती हे देतो. रविवारी तू टीव्हीसमोर बसण्याआधी ते तुला मिळायलाच हवं.

आधी इथली हकीकत. खोली बरी आहे, पण खिडकी उघडत नाही आणि हीटरवर वाळत घातलेल्या मोज्यांचा वास कुठेच जात नाही. स्केटिंगचं रिंक मात्र बघत राहावं असं. बर्फ आरशासारखा सपाट. आपल्याकडे फाटकाजवळच्या कोपऱ्यात छतातून पाणी ठिबकून टेंगूळ यायचं, आठवतं? आपण दोघं न बोलता त्याला वळसा घालायचो. इथे टेंगूळ नाही, तरी त्या कोपऱ्यात माझे पाय आपोआप वळतात. परवा इथले सर ओरडले, तिथे कोण उभंय म्हणून वाट देतोयस? सगळे हसले.

नव्या जोडीदारणीबद्दल तू विचारलंयस, पाडलंस की नाही अजून तिला? नाही पाडलं. ती ठेंगणी आहे, अंगानं हलकी, आणि इतकी सभ्य की पहिले काही दिवस मला अहो-जाहो करत होती. पडली तर बर्फाचीसुद्धा माफी मागेल अशी. तिच्यात काहीतरी खोट काढावी म्हणून मी फार खटपट केली, अगदी तिच्या खोकण्याचाही राग करून पाहिला. जमलं नाही. चांगली मुलगी आहे गं.

आपली जोडी तिकडच्या आपल्या सरांनी जमवली ती आवडीनं नव्हे, बाकीच्यांच्या जोड्या लागल्यावर आपण दोघंच उरलो होतो म्हणून. पहिल्यांदा तुला डोक्यावर उचलायचं होतं तेव्हा मी भीतीनं डोळेच मिटले होते. तू माझ्या कानाशी हळूच म्हणालीस, ‘गाढवा!’ मला असा राग आला की त्या रागाच्या भरात तू वर गेलीससुद्धा. तेव्हापासून तो शब्द प्रत्येक उचलीआधी आलाच. लांबून बघणाऱ्या परीक्षकांना वाटायचं, काय गोड हसते ही मुलगी! मग गेल्या वर्षी तू उंच व्हायला लागलीस. काडीचा बांबू झाला. तुझ्या आईनं तुझ्या पोशाखाची घडी उसवून उसवून शेवटी कापडच संपलं, आणि माझा खांदा रात्रभर ठणकायला लागला. जोडी मोडायचं सरांच्या मनात होतं, पण त्यांना तोंड उघडावं लागलं नाही. तूच सगळ्यांसमोर म्हणालीस, आता मीच याला उचलते. सगळे हसले, मीही हसलो. त्या रात्री मला कित्येक महिन्यांनी शांत झोप लागली, काडी. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

इथे आल्यावर उचल जमेना. हात बरोबर, पाय बरोबर, आणि ऐन वेळी मी क्षणभर थांबायचो. इथले सर म्हणायचे, कशाची वाट बघतोस? मला माहीत होतं कशाची. एकदा बुटांच्या नाड्या सोडताना नव्या जोडीदारणीनंच विचारलं, उचलायच्या आधी तुझी आधीची जोडीदारीण काही म्हणायची का? खोटं बोलता आलं असतं. पण स्पर्धेसाठीची निवड डोक्यावर होती, खरं सांगून टाकलं. ती लाजून लाल झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी, माफी मागावी इतक्या हळू आवाजात, तिनं तो शब्द म्हटला. आणि ती वर गेली. अगदी सहज. सरांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी डोळे पुसत सगळ्यांना सांगत सुटलो की इथल्या थंडीनं पाणी येतं. ती पडली असती, तर मी तुला त्याच दिवशी फुशारकीनं कळवलं असतं.

रविवारी कॅमेरा अगदी जवळून असणार. लोकांना वाटेल, पोरगी हसतेय. तिचे ओठ फक्त तुला कळतील, आणि ते तुला तसं, एकटीला, पडद्यावर कळू नये म्हणून हे पत्र. तुझा शब्द मी तुला न विचारता दुसरीला देऊन बसलोय. तू नको म्हणालीस तर तिला गप्प राहायला सांगेन. मग उचल होवो न होवो. शनिवारपर्यंत एवढंच कळव. आणि मनातलं खरं सांगायचं तर, तू नको म्हणू नयेस असंच मला वाटतंय. सगळ्यात जास्त लाज मला त्याचीच वाटते.

अजून म्हणवून घेता येत असेल तर,
तुझाच,
गाढव