सोयाबीनच्या दुधाचा वास

२९ जुलै

आजही वाटी परत! आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, दोन घोट घेतले — तेही माझं मन राखायला. "सरकीच्या ढेपीचा वास येते. ढोराचं खाणं हाय हे." झालं.

वाशीमचे डॉक्टर परवा स्पष्टच बोलले. घशातली कॅन्सरची गाठ शेकाने, म्हणजे रेडिएशनने, गेली, पण आता पोटात ताकदीचं काही गेलं नाही तर दुखण्यातून वाचलेली बाई उपासाने जाईल. भाकर उतरत नाही. गाईच्या दुधाने पोट बिघडतं. म्हणून सोयाबीनचं दूध काढून द्या म्हणाले. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात — आमच्याकडे पिकतं तिथे कोणी खात नाही! खोलीभर पोती पडली आहेत, पण या घरात आजवर एक दाणा कोणी तोंडात टाकलेला नाही.

३१ जुलै

वास आहेच, त्यांना कशाला दोष देऊ. मी स्वतः पिऊन पाहिलं. हिरवट, कच्च्या शेंगेसारखा. वेलदोडा टाकला, जायफळ टाकलं. दोन्हींच्या मागून तो हळूच येतोच.

नवरा, हरीओम, ताटावरून उठून गेला. आईकडे बघवत नाही त्याला. मला बघावंच लागतं.

२ ऑगस्ट

आज दाणे आधी भाजले, फुटाण्यासारखे वाळूत. वास गेला, पण दूधच सुटेना. मातकट पाणी आणि ढीगभर चोथा. चोथा गाईला घातला. म्हणजे ताकद गाईला आणि पाणी आत्याबाईंना — वा गं सूनबाई!

तेही परत. पुन्हा तेच, ढेपीचा वास. मी म्हटलं, आई, भाजल्यावर तो कुठला राहतो? त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या.

५ ऑगस्ट

बांगड्या कोपरापर्यंत सरकतात त्यांच्या. आज अंघोळ घालताना मी पाठीकडे पाहिलंच नाही.

८ ऑगस्ट

शेजारची मंजू बचत गटाच्या प्रशिक्षणाला कामरगावला जाऊन आली. म्हणे चूक भिजवण्यात आहे. मी रोज रात्री दाणे थंड पाण्यात घालते आणि सकाळी तसेच वाटते. तो वास दाण्यात नसतोच म्हणे, भिजलेला दाणा थंड असतानाच फुटला की तयार होतो. कोरडे दाणे थेट उकळत्या पाण्यात टाकायचे, गरम असतानाच वाटायचे, आणि मग दूध पुन्हा चांगलं उकळायचं, नाहीतर अंगी लागत नाही.

आणि मला हे भिजवणं आत्याबाईंनीच शिकवलेलं! लग्न होऊन आले तेव्हा मटकी न भिजवता चुलीवर ठेवली, तर वर्षभर सगळ्या भावकीत हसं केलं होतं माझं. तेव्हापासून या घरात माझ्या हातून काही न भिजता शिजलेलं नाही.

९ ऑगस्ट

जमलं! पांढरंशुभ्र, गोडसर, वास नावाला नाही. हरीओम पेलाभर प्यायला आणि म्हणाला, हे खरंच आपल्या वावरातलं? कितीतरी दिवसांनी आम्ही दोघं हसलो. मला वाटलं, आता वाचल्या.

आत्याबाईंनी वाटी ओठाला लावली आणि खाली ठेवली. "वास येते."

मोरीत जाऊन रडले. आता काय करायचं राहिलं आहे, मला खरंच कळत नाही.

१० ऑगस्ट

डॉक्टरांना फोन केला. नाकातून नळी टाकू म्हणाले. आत्याबाईंनी ऐकलं आणि मान हलवली — नाही. हरीओमने हात जोडले, तरी नाही.

११ ऑगस्ट

पुन्हा केलं. परत. मला आता त्या दुधाचाच नाही, स्वतःचाही राग येतो.

१२ ऑगस्ट

दूध गॅसवर ठेवून कपडे वाळत घालायला गेले आणि ते तळाला लागलं. असं करपलं की मंजू नाकाला पदर लावून धावत आली. आत्याबाई गॅसपासून हातभर अंतरावर बाजेवर पडलेल्या, टक्क जाग्या. मला पाहून शांतपणे म्हणाल्या, "झालं का वं दूध?"

मी तिथेच थिजले. मंजू गेल्यावर विचारलं, आई, तुम्हाला वास येत नाही?

मग म्हणाल्या, "शेक घेतला तवापासून नाई येत. ना वास, ना चव."

मग रोज तसं का म्हणत होतात?

"नसतं म्हटलं त तू पाजलंच असतं मले. आता जाऊ दे मले, पोरी."