भरती या नावात घुसलेला काना काढून टाकण्याबाबत

प्रति,
मा. दुरुस्ती अधिकारी,
शाळानोंद दुरुस्ती शाखा,
पनवेल, जिल्हा कुलाबा.

विषय : कु. भरती काळूराम मढवी, इयत्ता सातवी, मौजे मोठीखार, हिच्या नावातील जादा काना कमी करणे. (हा अर्ज नोकरीसाठी नाही.)

संदर्भ : आपल्या शाखेची तीन पत्रे. पैकी दोन भलत्याच विषयावरची.

महोदय,

१. मी जगन हिराजी घरत, राहणार पनवेल. गेल्या वर्षी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो. कु. भरती ही माझ्या बहिणीची मुलगी. तिचे वडील काळूराम मढवी मिठागरावर काम करतात. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून त्यांच्या वतीने मी लिहीत आहे. हा माझा चौथा अर्ज. आधीचे तीन मी नम्रपणे लिहिले होते.

२. हकीकत अशी. मोठीखारच्या शाळेत सहावीपर्यंत या मुलीचे नाव ‘भरती’ असे बरोबर लिहिलेले होते. गेल्या उन्हाळ्यात जुने शिक्षक मुबारक मास्तर निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या मुख्याध्यापकांनी जीर्ण पटाची स्वच्छ प्रत केली आणि ती करताना त्यांना जे अशुद्ध वाटले ते शुद्ध केले. ‘भरती’ हे त्यांना ‘भारती’चे चुकलेले रूप वाटले. त्यांनी काना दिला. आईबापांना विचारले नाही, मुलीला विचारले नाही. शुद्धलेखनाच्या वहीत लाल शाई चालते तशी ती एका माणसावर चालवली.

३. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा हजेरीला “भारती मढवी” असा पुकारा झाला. भरतीने उभे राहून सांगितले, “ती नाय आली, गुरुजी.” वर्ग हसला. मुख्याध्यापकांनी याला उद्धटपणा म्हटले व मुलीला बाकावर उभे केले. माझ्या मते ती फक्त माहिती देत होती. त्या दिवसापासून आजपर्यंत रोज तोच पुकारा होतो, मुलगी गप्प बसते आणि तिच्या नावापुढे गैरहजर अशी खूण होते.

४. याचा परिणाम आपण शांतपणे वाचावा. हजेरीपटाप्रमाणे ही मुलगी जूनपासून एकही दिवस शाळेत आलेली नाही. परंतु न आलेल्या या मुलीच्या हातावर ऑगस्टात छड्या मारण्यात आल्या. न आलेल्या या मुलीने सहामाही परीक्षा दिली व गणितात ती वर्गात पहिली आली. गुणपत्रकावर मुख्याध्यापकांचीच सही आहे. जो पदार्थ जागेवर नाही त्याच्यावर बल लावता येत नाही, हे मला शिकवले गेले होते. आपल्या खात्याचे पदार्थविज्ञान निराळे असल्यास त्याची प्रत मिळावी.

५. हजेरी अपुरी म्हणून सातवीच्या परीक्षेचा तिचा फॉर्म मुख्याध्यापक भरू देत नाहीत. मुदत या महिनाअखेर संपते. मुलीला पुढे मास्तरीण व्हायचे आहे. तिच्या वडिलांचा हिशेब साधा आहे आणि तो त्यांनी तिला एका वाक्यात सांगितला आहे : परीक्षा नाय, तं चल मिठागरावर. एकदा डोक्यावर मिठाची टोपली गेली की मुलगी शाळेत परत येत नाही. आमच्या खाडीकाठच्या गावांत मी तरी अशी परत आलेली पाहिलेली नाही.

६. आपण म्हणाल, मुलीने नुसते ‘हजर’ म्हणायला काय हरकत होती? हे मीही तिला म्हणालो. परीक्षा होऊ दे, नाव मागून सुधारू, असे समजावले. ती मला म्हणाली, “मामा, तुमच्या परीक्षेत मिठाच्या जागी साखर लिवली तं चालंल? दोन्ही पांढरीच हायत.” त्यानंतर मी तिला समजावणे सोडले आणि आपल्याला समजावण्याचे काम हाती घेतले.

७. ते काम असे झाले. जुलैच्या पहिल्या अर्जात मी विषय लिहिला होता ‘भरतीबाबत’. आपल्याकडून उत्तर आले : “सध्या भरती बंद आहे. जागा रिकाम्या झाल्यावर जाहिरात देण्यात येईल.” चूक माझीही असेल असे समजून दुसऱ्या अर्जात मी स्पष्ट लिहिले, की भरती ही तेरा वर्षांची मुलगी आहे. उत्तर आले : “वय कमी असल्याने सदर उमेदवार भरतीस अपात्र आहे.” म्हणजे भरती ही भरती होण्यास अपात्र! तिसरा अर्ज घेऊन मी स्वतः आपल्या कचेरीत आलो. आपल्या कारकुनांना घोटाळा कळला, ते पुष्कळ हसले, शेजारच्या टेबलालाही त्यांनी ते ऐकवले आणि मला चहा पाजला. मी तो प्यायलो याचा मला आता पश्चात्ताप होतो. कारण आठवड्याने आपले तिसरे पत्र आले. त्यात लिहिले आहे, की “असे नाव अस्तित्वात असल्याचे या कार्यालयास ज्ञात नाही”; तरी अर्जदाराने नावाचा उगम, अर्थ व समाजातील प्रसार सिद्ध करावा. ते करतो.

८. उगम. माझी बहीण चंद्रावती हिची पहिली दोन मुले महिन्याच्या आत गेली. दोन्ही ओहोटीच्या वेळी जन्मली होती. ओहोटीला आलेले मूल ओहोटीबरोबर जाते, अशी आमच्याकडे समजूत आहे. मी या समजुतीवर विश्वास ठेवत नाही. त्या मुलांना ताप होता आणि डॉक्टर पनवेलला होता, एवढेच मी खात्रीने सांगू शकतो. तिसऱ्या खेपेला चंद्रावतीला मिठागराच्या बांधावरच कळा सुरू झाल्या. खाडीचे पाणी चढत होते. बायांनी लुगड्यांचा आडोसा केला. मुलगी जन्मली तेव्हा पाणी उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, वरच्या फळीला लागले होते. ही राहावी म्हणून तिचे नाव भरती ठेवले, आणि ती राहिली. शास्त्र याला योगायोग म्हणते. आई याला नाव म्हणते. आपल्या खात्याने याला अशुद्धलेखन म्हटले.

मूल जगावे म्हणून दगडू, धोंडू, केरू अशी नावे ठेवतात. ती आपल्या खात्याला चालतात. मोठीखारच्याच पटावर दोन धोंडू आहेत व त्यांना शुद्ध करून कोणी पाषाण केलेले नाही. दगड चालतो, मग पाणी का चालत नाही?

९. अर्थ. भरती म्हणजे चंद्र व सूर्य यांच्या आकर्षणाने समुद्राचे पाणी चढणे. ही गोष्ट सातवीच्या भूगोलात आहे. सदर मुख्याध्यापक ती वर्गात शिकवतात आणि तेथे काना देत नाहीत. भारती म्हणजे वाणी. ते नावही चांगले आहे. परंतु जी मुलगी सहावीपर्यंत वर्गात सर्वांत जास्त बोलत असे, ती आपण वाणी हे नाव दिल्यापासून हजेरीला मुकी झाली आहे, हे नोंद करण्यासारखे आहे.

आणखी एक. आमच्याकडे बारशाला नाव कानात सांगण्याची रीत आहे, काना देण्याची नाही. चंद्रावती स्वतः शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना म्हणाली, “गुरुजी, तुमचा काना तुमच्यापाशी ठेवा. माझ्या पोरीला जड होतोय.” ते म्हणाले, बाई, कान्याला वजन नसते. ती म्हणाली, “मंग काढाया एवढी मानसं का लागतात?” मुख्याध्यापकांनी तिला बाहेर बसायला सांगितले. तिच्या प्रश्नाचे उत्तर मला आपल्या पत्रांतही सापडले नाही.

१०. प्रसार. याबाबत मी खोटे लिहिणार नाही. ऑक्टोबर व नोव्हेंबरात मी रविवारी सायकलने उलवे, बेलपाडा, शिरढोण व आसपासची गावे फिरलो आणि प्रत्येक ठिकाणी या नावाची मुलगी अगर बाई आहे काय, अशी चौकशी केली. कोणी हसले, कोणी मला लग्न जुळवणारा समजून घरच्या मुली दाखवल्या. या नावाची व्यक्ती मला एकही मिळाली नाही. म्हणजे नोव्हेंबरअखेर सदर नावाचा प्रसार एक मुलगी एवढाच होता.

येथे मला विचारावेसे वाटते, की कोणतेही नाव पहिल्यांदा ठेवले जाते तेव्हा ते किती जणींचे असते? जगातल्या पहिल्या गंगेच्या बापाने कोणत्या शाखेत पुरावा दिला? परंतु आपण पुरावा मागितला होता, म्हणून आपले पत्र मी मोठीखारला वाचून दाखवले. प्रसार म्हणजे काय, असे बायांनी विचारले. मी सांगितले, की साहेबांना या नावाच्या आणखी मुली दिसायला हव्यात. बाया आपापल्या कामाला लागल्या. मला वाटले, विषय संपला.

डिसेंबरात रंभा भोईर हिला मुलगी झाली. नाव भरती ठेवले. नाताळच्या सुमारास वेणू म्हात्रे हिला मुलगी झाली. नाव भरती. गेल्या आठवड्यात भामा ठाकूर हिला मुलगी झाली. ही मात्र भर ओहोटीला जन्मली आहे. हे मी भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावरून पडताळले आणि भामाच्या नजरेस आणून दिले, कारण त्यांच्याच समजुतीप्रमाणे हे नाव तिला लागू होत नव्हते. भामा बाजेवरूनच म्हणाली, “सायबाला अजून भरत्या पायजेत ना? मंग ही घ्या.” दाऊद नाखवा यांनीही आपल्या नव्या मचव्यावर, म्हणजे शिडाच्या होडीवर, हेच नाव रंगवून घेतले आहे. मचवा ही मुलगी नसल्याने मी तो मोजलेला नाही.

तरी सदर नावाचा प्रसार आजमितीस चार. गावात आणखी काही जणी दोन जिवांच्या आहेत आणि कोणीही माझे ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही. या नव्या मुली सहा वर्षांनी पहिलीत येतील. त्या वेळी मुख्याध्यापक त्यांनाही काने देणार असतील व त्या चौघी-पाचजणी एका सुरात “ती नाय आली” म्हणणार असतील, तर त्या वर्गाचा हजेरीपट कसा ठेवावा याची सूचना आपण आताच काढून ठेवावी.

११. मुबारक मास्तरांचा जबाब सोबत आहे. त्यातील एक वाक्य येथे उतरतो, कारण जोडलेले कागद वाचले जात नाहीत असा माझा अनुभव आहे : “मुलाचं नाव ही आईबापांची अमानत. मास्तरानं ते फक्त पुकारायचं असतं.”

१२. मागणी एकच आहे. महिनाअखेरपूर्वी तो काना खोडावा, खोडल्याची सही करावी, आणि या मुलीची हजेरी ती जेथे खरोखर बसली होती त्या बाकावर धरावी. मला माफीचे पत्र नको. चौकशी नको. चहा नको. ‘भरती बंद आहे’ असे उत्तर पुन्हा आल्यास मी ते मोठीखारच्या बांधावर, पाणी चढत असताना, मोठ्याने वाचून दाखवीन आणि ते किती ऐकले जाते ते आपणास कळवीन.

कळावे. (‘नम्र’ हा शब्द मागील तीन अर्जांत संपला.)

आपला,
जगन हिराजी घरत, बी.एस्सी.

पालक काळूराम मढवी यांच्या डाव्या हाताचा अंगठा.

पनवेल, ता. १२ जानेवारी १९५९

सोबत :
१. मुबारक मास्तर यांचा जबाब.
२. सहामाहीचे गुणपत्रक, गैरहजर विद्यार्थिनीचे.
३. आपल्या शाखेची तिन्ही पत्रे. आम्हाला परत नकोत.
४. रंभा, वेणू व भामा यांचे अंगठे, मुलींच्या नावांसह.
५. कु. भरती काळूराम मढवी हिने स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद. त्यावर तिचे नाव आहे, बिनकान्याचे, आणि खाली जूनपासून तिच्याकडे राहिलेला शब्द आहे : हजर.