साडूच्या आधी शंभर टक्के

४ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. कोणी वाचणार नाही, त्यामुळे सगळं खरं लिहिणार. पहिलं खरं म्हणजे मी साडूवर जळत नाही.

दोन बहिणींनी हौसेने शेजारी शेजारी प्लॉट घेतले, म्हणून आम्ही दोघे साडू शेजारी. विजेचे खांब मागच्या वळणावरच संपतात. त्यामुळे दोघांच्याही छपरावर सोलर आणि स्टोअररूममध्ये लेड-अ‍ॅसिडच्या बॅटऱ्या. एकाच दुकानातून घेतलेल्या, एकाच मापाच्या, दीडशे एएच क्षमतेच्या दोन-दोन. तरी माझ्याकडे नवानंतर पंखा की ट्यूब असा वाद, आणि त्याच्या व्हरांड्यात पहाटेपर्यंत दिवा. व्हरांड्यात रात्रभर कोण बसलंय? तो दिवा मला दिसावा म्हणूनच आहे.

५ फेब्रुवारी
बायको म्हणाली, एकदा भावजींना विचारून तर बघा ते कसं करतात ते. भावजी, भावजी, उठता बसता भावजी. गेलो शेवटी.

साडू रबरी हातमोजे आणि गॉगल चढवून बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर ओतत होता. जसं काही डोळ्याचं ऑपरेशन चाललंय. माणसाचा धंदा दातांच्या कवळ्या बनवायचा, त्यामुळे सगळं काम हळूहळू. म्हणे, या बॅटरीला क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याएवढाच करंट द्यायचा. दीडशेला पंधरा अँपिअर. भरत आली की आणखी कमी. घाईने ढोसला तर आतलं पाणी उकळतं आणि प्लेटा जातात म्हणे. त्याची दुपारी तीनला फुल होते, आणि तेवढं त्याला पुरतं.

मी मान डोलावली. मनात म्हटलं, भित्रा आहे झालं.
संकल्प: साडूच्या आधी फुल करून दाखवणे.

८ फेब्रुवारी
तीन पॅनल आणखी घेतले. आता माझी सहा, त्याची तीन. छप्पर कसं भरल्यासारखं दिसतं. साडू मधल्या कुंपणाच्या भिंतीपलीकडून बघून म्हणाला, छान. नुसतं छान! जळला असणार.

बायकोने आजच अंडी उबवायचं मशीन चालू केलं. बऱ्याच महिन्यांचं तिचं चाललं होतं, स्वतःचं काहीतरी करायचंय म्हणून. पिल्लांची पहिली ऑर्डर मिळालीये. मशीन आमच्या स्टोअररूममध्ये, बॅटऱ्यांच्या समोरच्या फळीवर. एक मार्चला पिल्लं बाहेर येतील म्हणाली. तोवर मशीन गार पडता कामा नये, नाहीतर पिल्लं आतच मरतात. हे तिने मला तीनदा सांगितलं. मी म्हटलं, सहा पॅनल आहेत, काळजी कसली करतेस?

९ फेब्रुवारी
बॅटऱ्या चार्ज करणाऱ्या कंट्रोलरमध्ये करंटचं सेटिंग सापडलं. पंधरा होतं. चाळीस केलं. त्यात चाळीसची सोय दिलीये म्हणजे बॅटरीला चालत असणारच. गाडीच्या मीटरवर एकशेऐंशीचा आकडा उगाच छापतात होय? क्लासमध्ये ड्रायव्हिंग शिकायला येणाऱ्यांना मी वेगळं सांगतो, पण ती माझी नोकरी आहे.

११ फेब्रुवारी, सकाळ
अकरा वाजता शंभर टक्के!!
बायकोला हाक मारून दाखवलं. ती अंडी फिरवत होती. बरं म्हणाली. भिंतीशी जाऊन साडूचा आकडा विचारला. साठ. मला इतकं बरं वाटलं की घरी येऊन दुसऱ्यांदा चहा केला. त्याने विचारलं किती अँपिअरने भरली. मी म्हटलं, पुरेशा.

त्याच दिवशी, संध्याकाळ
दिवेलागणीलाच इन्व्हर्टर बोंबलायला लागला. शंभर टक्के गेले कुठे? बायकोने मशीनभोवती गोधडी गुंडाळली आणि आत गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. साडू न विचारताच बोलला. म्हणे जोरात चार्ज करताना व्होल्टेज लवकर चढतं, म्हणून आकडा शंभर दाखवतो, बॅटरी आतून भरलेली नसते. म्हणजे माझा कंट्रोलर खोटं बोलतो आणि त्याचा खरं. वा रे वा.
माझं निदान: बायकोचं मशीन फार वीज खातं.

१४ फेब्रुवारी
कंट्रोलरच्या पुस्तिकेत ‘इक्वलाइझ’ नावाचं बटण सापडलं. हे साडूला ठाऊक नसणार. जास्त व्होल्टेज देऊन बॅटरी आतून ढवळून काढतं. महिन्यातून एकदा, थोडाच वेळ, असं लिहिलंय. चांगली गोष्ट महिन्यातून एकदा का म्हणून? आंघोळ आपण रोज करतो की. रोजचं लावून टाकलं.
पाणी ओतायचं राहिलं. हातमोजे नाहीत घरात.

१७ फेब्रुवारी
स्टोअररूममध्ये वास येतोय. कुजक्या अंड्यांचा.
बायकोला हळुवारपणे सांगितलं की तुझा माल नासलाय. ती तिथल्या तिथे टॉर्च घेऊन आली आणि एकेक अंडं उजेडापुढे धरून दाखवलं. आत लाल धागे होते, आणि मध्ये एक ठिपका हलत होता. नासलेलं असं असतं का, म्हणाली. मला क्षणभर फार छान वाटलं. मग म्हणाली, भावजींना पण काल दाखवलं, ते तर बघतच राहिले. तिथे माझं मन उडालं.

१९ फेब्रुवारी
वास वाढला. डोळे चुरचुरतात. बॅटऱ्यांतून बुडबुड आवाज येतो, म्हणजे काम जोरात चालू आहे. तक्रार नाही.
बायको शेजारी ताईकडे, म्हणजे साडूच्या घरी गेली होती. घरात एका माणसाने तरी निर्णय घ्यायला हवा. वरच्या ट्रेमधली मला संशयित वाटली ती अंडी नेऊन मागच्या खड्ड्यात टाकली. नाक खोटं बोलत नाही.

त्याच दिवशी, नंतर
बायकोने ट्रे पाहिला. मी कारण सांगितलं. ती खड्ड्याशी जाऊन बसली. एक अंडं फुटलं होतं. आत कुजलेलं काहीच नव्हतं. चोच होती.
ती उठून घरात गेली. मला फार वाईट वाटलं. पण वास येत होता, हे कोणीच लक्षात घेत नाहीये.

२० फेब्रुवारी
वास तसाच! ट्रे निम्मा रिकामा आणि वास दुप्पट.
बायकोने भिंतीवरून हाक मारली. साडू धावत आला, पायात एकच चप्पल. दारातूनच ओरडला की सगळे बाहेर व्हा, कोणी बटण दाबू नका, काडी ओढू नका. छपरावरच्या पॅनलचा बाहेरचा स्विच पाडला, खिडक्या उघडल्या. बऱ्याच वेळाने आत गेला. बॅटऱ्या फुगून पोटुशा झाल्या होत्या. त्यातलं पाणी पार आटलेलं. म्हणे कुजक्या अंड्यांसारखा वास जास्त चार्ज झालेल्या बॅटरीलाच येतो, आणि त्यासोबत निघणारा वायू ठिणगीने पेट घेतो.

मग त्याने कंट्रोलरवर करंटचं सेटिंग पाहिलं. चाळीस. मग माझ्याकडे पाहिलं. बायको पाठीमागेच होती. विचारत होती, कशामुळे झालं हो भावजी?
साडू म्हणाला, लॉटच खराब असेल. कंपनीची चूक. यांचा काही दोष नाही.

कोणी सांगितलं होतं त्याला? मी मागितली होती मेहरबानी? आता याला चांगुलपणाही माझ्यापेक्षा जास्त. खोटं बोलण्यातसुद्धा माझ्या पुढे. त्याच्या रात्रभरच्या दिव्याने नाही जळलो इतका त्या एका वाक्याने जळलो. जळलो हे चुकून लिहिलं. चिडलो.

उरलेली अंडी दोघी बहिणींनी मशीनसकट उचलून तिकडे नेली. मी मशीनची वायर धरून मागे चालत होतो.

२३ फेब्रुवारी
कंपनीला खरमरीत पत्र लिहायला घेतलं. लॉट खराब असल्याबद्दल. साडूला साक्षीदार म्हणून सही मागितली. तो म्हणाला, राहू द्या ना. पाहा, ऐनवेळी कच खाल्ली.

१ मार्च
पिल्लं आली. साडूच्या व्हरांड्यात.
मी भिंतीपाशी उभा राहून ऐकत होतो. बोलावणं आल्याशिवाय जायचं नाही असं ठरवलं होतं. आलं नाही, मग तसाच गेलो. टोपलीत नुसती चिवचिव. बायको रडत होती आणि हसत होती. तिने सगळ्यांना एकेक पिल्लू हातात दिलं, मलाही दिलं. माझ्याकडे बघून म्हणाली, घट्ट धरू नका.
निम्मीच आली. पण ऑर्डरवाला तीच पंधरा दिवसांनी, जरा मोठी झाली की नेणार, आणि पुढच्या खेपेला त्याने दुप्पट सांगितलीत. ताई आणि ती मिळून धंदा करणार. मशीन तिकडेच राहणार. मी म्हटलं, आपल्याकडे सहा पॅनल आहेत. दोघी पुढच्या खेपेची अंडी मोजायला लागल्या.

४ मार्च
नव्या बॅटऱ्या. साडूने बसवल्या, गॉगल लावून. पंधरा अँपिअर. इक्वलाइझ बंद. बायकोने सांगितलंय की कंट्रोलरच्या पेटीला हात लावायचा नाही. मी तसंही लावणार नव्हतो. आता अनुभव आहे मला.

१२ मार्च
लिहायला आनंद होतो की आज जिंकलो.
दुपारी बारालाच शंभर टक्के. पंधरा अँपिअरने, सरळ मार्गाने. आकडा खोटा नाही, संध्याकाळीही ढळला नाही. उठून तडक भिंतीशी गेलो. साडूचा आकडा विचारला. पन्नास! तिकडे आता उबवायची दोन मशीनं, पिल्लांवरचे बल्ब, दिवसभर दोघी बहिणींचा राबता, रात्री उशिरापर्यंत हिशेब आणि गप्पा. पुरत नाही म्हणे बिचाऱ्याला. मी म्हटलं, नियोजन लागतं.

बायको पिल्लांना पाणी ठेवत होती. तिलाही सांगितलं, आपली साडूच्या आधी भरली, बाराला!
ती म्हणाली, भरणारच की. तिकडे वापरायला आहेच कोण?
मी म्हटलं, मी आहे. तोवर ती आत गेली होती.