आधी कुठं बघायचं

मशीन न्यायला रविवारी टेम्पो पाठवतोस म्हणून कळवलंस. कुणाला विचारून? आणि पत्र पुन्हा मनिषाच्या अक्षरात! बायको काय तुझी कारकून हाय?

प्रिय राम, आता आशीर्वाद घे. तुझ्या आईची अक्षरं वाकडी हायत, पण स्वतःची हायत. तुझी लेक रोहिणी क्लासला बारामतीला गेलीय, तेवढ्यात लिहितेय.

तुझं म्हणणं, कॉम्प्युटर बिघडलाय, तर पुण्यात दुरुस्त करून मल्हारला देतो. अरे, कंपनीनं काढून टाकलेलं ते खोकं तूच इथं कळंबला आणून ठेवलंस ना रोहिणीसाठी? दिवाळीत तुझ्या लाडक्या लेकानं, मल्हारनंच, त्यात फ्लॉपी खुपसली, बाहेर काढायचं बटण मोडलं आणि गेला निघून. तेव्हापासून चालू केलं की काळ्या काचेवर इंग्रजी एक ओळ यायची, पुढं काही न्हाय. परवा रोहिणीनं ते चालू होता होता एक बटण दाबलं, तशी काच निळी झाली. मी म्हटलं, आता जळालं वाटतं. तर म्हणाली, आजी, हे उठलं की आधी फ्लॉपीत बघतं. तिथं कामाचं काही न्हाय, म्हणून तिथंच अडतं. पोटात सगळं असून तिथवर जातच न्हाय. पोरीनं नुसता क्रम बदलला. आधी पोट, मग फ्लॉपी. फ्लॉपी अजून अडकलेलीच हाय, आणि मशीन चालतंय.

मला नीरेचा काठ आठवला. तू तेव्हा एवढासा, घोड्यावर सामानाला बांधलेला. आपली पुढची बकरी म्हातारी झालेली, पाण्याशी आली की उभी राहायची, अन् मागं सगळी मेंढरं खोळंबायची. लोक म्हणाले, कळपाला रोग लागला. मी तुझ्या आबांना म्हटलं, रोगबिग काही न्हाय, ती कानफाटी बकरी पुढं घाला. घातली. मेंढरं तीच, पण बघता बघता पलीकडं. आबा ओलं धोतर पिळत हसले, म्हणाले, तुलाच आधी विचारायला पायजे होतं गं. ते हसणं अजून दिसतं मला. पण कळप विकला तेव्हा विचारलं न्हाय. मी माहेरी लोणीला गेलेले, परत आले तर वाडा रिकामा. कानफाटीची घंटा तेवढी खुंटीला होती. मी कुणाशी भांडले न्हाय. वाडा झाडून घेतला.

टेम्पोचं मी रोहिणीला सांगितलं. काल तिनं मशीन पुसलं, माझ्या गोधडीत गुंडाळलं, सुतळीनं बांधून दाराशी ठेवलं. आज जाताना त्याच्याकडं बघितलंसुद्धा न्हाय. ते बघून हे पत्र लिहायला बसले. आपल्या घरात काही निघालं की आधी मल्हारला विचारतात, अन् तिथंच अडतात. आता क्रम बदल. टेम्पो थांबव. मशीन ठेवायचं की न्यायचं, हे तिला पत्र टाकून विचार, तिच्या नावानं आणि तुझ्या हातानं. उत्तर रोहिणीच देईल. मल्हारनं मधे बोलायचं न्हाय, आणि तूसुद्धा तिच्या वतीनं बोलायचं न्हाय.

तुझीच,
आई