नाव, हुद्दा, संस्था

वॉशिंग्टन, १२ एप्रिल २००७

प्रिय फ्रीडा,

माझं अक्षर ओळखून पाकीट फेकून दिलं नसलंस, तर पुढे वाच. घरातून निघून जावं म्हणून सकाळपासून चार वेळा कोट चढवला आणि चार वेळा काढला. दुपारी संस्थेचा माणूस माझी सही न्यायला येणार आहे. राष्ट्राध्यक्षांना आणखी एक जाहीर पत्र, आणखी एका देशावर सैन्य धाडा म्हणून. पहिलं नाव माझं, आणि नावाखाली नेहमीप्रमाणे हुद्दा आणि संस्था.

हुद्दे तर तुला पाठच आहेत. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये मी क्रांतीवर घसा फोडायचो आणि तू माझ्या सँडविचमधलं मटण हळूच पळवायचीस. मग मी मासिकाचा संपादक झालो, डावी मंडळी सोडली, एका सिनेटरची भाषणं लिहिली, संरक्षण खात्यात सल्लागार झालो आणि शेवटी सरकारला धोरणं सुचवणाऱ्या या संस्थेत येऊन टेकलो. डावं सोडून युद्धाचा पुरस्कार करणाऱ्या आम्हा लोकांना नवरूढीवादी, निओकॉन, म्हणायला लागले, तेव्हा तू फोनवर खो खो हसलीस. "नवं काय डोंबल! तू तेव्हाही असाच हट्टी होतास. इझी, खरं सांग, मत बदललं म्हणून खुर्ची बदलतोस, की खुर्ची बदलली म्हणून मत?" मी चिडून फोन आपटला होता. उत्तर अजून सापडलेलं नाही.

मागच्या युद्धाआधीचं जाहीर पत्र मीच लिहिलं होतं. ते वाचून तुझा नातू सैन्यात जायला निघाला, आणि तू त्याला माझ्याकडे पाठवलंस. म्हणालीस, "माझं ऐकत नाही रे तो, तुझं ऐकेल. एवढं एकदा नको म्हण." नेथनने समोर बसून सरळ विचारलं, "इझीआजोबा, मी जाऊ ना?" तोंडाशी 'नको' आलं होतं, फ्रीडा, शपथेवर सांगतो. पण आपणच छापलेलं आपल्याच तोंडाने कसं खोडायचं? मी तासभर व्याख्यान झोडलं. जाताना त्याने माझा हात घट्ट दाबला. सात महिन्यांनी इराकमधून त्याची शवपेटी आली. तू सुतकात बसली होतीस तेव्हा मी तुझ्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आलो आणि टॅक्सी परत फिरवली. भ्याड आहे मी.

बेल वाजतेय. टेबलावरच्या जाहीर पत्रात माझ्या सहीची जागा तशीच कोरी आहे. जन्मभर मोठमोठ्यांना पत्रं लिहिली, सगळी छापून आली; तुला मात्र एक लिहायला तीन वर्षं लागली. नेथनला मी 'नको' म्हणायला हवं होतं. दारातल्या माणसाला आता म्हणतो, आणि मग हे टपालात टाकून येतो.

एकेकाळी तुझाच, आणि आज हुद्द्याशिवाय, संस्थेशिवाय,
इझी