तिसरी चावी

घरमालक साहेबांना नमस्कार.

आम्ही घर सोडल्यावर डिपॉझिटमधून काय काय कापलंत, ती यादी मिळाली. रंगाचे पैसे मला मान्य नाहीत. नऊ वर्षांत तुम्ही एकदाही रंग दिला नाहीत, मग भिंती काय माझ्यामुळे म्हाताऱ्या झाल्या? आणि नळ तर आम्ही राहायला आलो तेव्हापासून गळतोय.

बायको म्हणते, पत्रात एवढंच लिहा. तुम्हाला पाठवीन त्यात एवढंच असेल. बाकीचं इथे लिहितो.

"चावी परत न दिल्यामुळे नवीन कुलूप" यावर मी भांडणार नाही. तिसरी चावी हरवली, असं मी तुम्हाला सांगितलं, ते खोटं होतं. ती माझ्या मुलीकडे आहे. चार वर्षांपूर्वी मीच तिला म्हणालो होतो, या घरात पुन्हा पाऊल ठेवू नकोस. ती गेली, फोन नंबरही बदलला, पण चावी ठेवून गेली नाही. तेवढ्या आशेवर आम्ही दोघांनी दिवस काढले. तुम्ही भाडं वाढवत गेलात, मी मुकाट्यानं भरत गेलो. शेवटी झेपेना.

नवा पत्ता शेजारी देऊन ठेवलाय. पण तिची चावी लागली नाही, तर तिला वाटेल, बाबांनी कुलूप बदललं. मग ती कुणाचीच बेल वाजवणार नाही, तशीच मागे फिरेल. स्वभावानं माझ्यावर गेलीये.

तुमचा जुना भाडेकरू,
दुसरा मजला, डावीकडचं दार