निरीक्षणवहीचं पान सत्तावीस

मंगळवार, ४ फेब्रुवारी
निरीक्षणवही सहीविना परत आली. कार्यालयातल्या सावंतबाईंकडून दुपारी खात्री करून घेतली: सही नाही म्हणजे फाइल अपुरी. फाइल अपुरी म्हणजे वार्षिक पाठाच्या यादीत नाव नाही. यादी शनिवारी चारला लागणार.
वार्षिक पाठ, म्हणजे परीक्षकांसमोरचा पाठ, नाही तर बी.एड. नाही. बी.एड. नाही तर माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवता येणार नाही. बावीस वर्षं वर्तमानपत्रात इतरांच्या बातम्या दुरुस्त केल्या. आवृत्ती बंद पडली, म्हणून पंचेचाळिसाव्या वर्षी वाघोलीच्या या कॉलेजात पोरींबरोबर बाकावर बसले. दोन वर्षं. आणि अडलंय एका पानावर.
पान सत्तावीस. आम्ही एकमेकींचे सराव पाठ बघून या वहीत लिहायचं असतं. सगळ्या जणी तेच लिहितात. ‘प्रस्तावना आकर्षक. फलकलेखन सुवाच्य. सहभाग उत्स्फूर्त.’ मी दिसलं ते लिहिलं.

बुधवार, ५
दिसलं ते असं. हडपसरची सराव शाळा, आठवी ब, माझ्या वर्गातल्या शबानाचा पाठ. तिने प्रश्न विचारला की चाळीसच्या चाळीस हात वर. मी शेवटच्या बाकावर. मोजले. सतरा उजवे, तेवीस डावे. उठवलं फक्त उजव्यांना.
मधल्या सुट्टीत साक्षी नावाच्या मुलीला विचारलं.
“उजवा म्हंजे येतंय, डावा म्हंजे नाय येत. तुमाला ठाव नाय व्हय मॅडम?”
“कोणी शिकवलं?”
“आमच्या वर्गाच्या काळेसरांनी. सायेब येत्यात तवा असंच करायचं.”
तेवढंच वहीत लिहिलं. आकडा आणि दोन ओळी.
आज इंग्रजी अध्यापन पद्धतीच्या कुलकर्णीमॅडमनी बोलावलं. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “अहो, आपण पत्रकारिता सोडलीत ना? मग वहीलाही सोडा.” पुढे, “पान फाडू नका, क्रमांक आहेत. वरून कोरं पान चिकटवा, नीट लिहा, मी सही करते.”
म्हणजे चिकटवण्याची पद्धत ठरलेली. गोंदाची बाटली टेबलावरच होती. संताप येतो तो त्या बाटलीचा.

गुरुवार, ६
बसथांब्यावर शबाना. रोज आपणहून बोलणारी. आज मीच हाक मारली.
“ताई, छापण्याआधी मला विचारलं असतंत तरी. हात मी शिकवले नाहीत. वर्गात शिरताना काळेसर म्हणाले, उजव्यांनाच विचारा. मी विचारलं. आता माझा पाठ रद्द. पुन्हा घ्यायचाय.”
“तू सांगायला हवं होतंस.”
“कोणाला? तुम्हाला? तुम्ही तर मोजत होतात.”
बस आली. ती चढली, मी नाही.
दुसऱ्या बाजूचं म्हणणं घेतल्याशिवाय बातमी सोडायची नाही. किती जणांची बातमी याच एका कारणाने परत पाठवली मी. आणि स्वतः... चिडायचं तर आधी इथे.
तरी पान चिकटवणार नाही. हेही ठरलं.

शुक्रवार, ७
आठवी ब वर माझा शेवटचा सराव पाठ. मी डाव्या हाताला उठवायचं ठरवून गेले होते. साक्षीला उठवलं. उभी राहिली, कानापर्यंत लाल, तोंडातून शब्द नाही. वर्ग हसला. मी वाक्याचा अर्थ मराठीत विचारला. तोही नाही. बसली ती तास संपेपर्यंत मान वर केली नाही तिने.
काळेसर दारात होते. शिक्षकखोलीत चहा पुढे सरकवला.
“बाई, पोरगं डावा का हुईना, हात तर वर करतंय. न्हाईतर पाव्हण्यांसमोर मान खाली. आत्ता बघितली न्हवं? तिची अब्रू कोन राखनार, तुमी?”
“मग त्या तेवीस जणांना शिकवायचं कधी?”
“ते तुमच्या कालेजाला इचारा. धा वर्सं तुमचे साहेब येत्यात, हात बघत्यात, ‘छान’ लिहून जात्यात. कुनाला डावा-उजवा कळत न्हाई व्हय?”
चहा तसाच राहिला. माणूस चुकतोय आणि माझ्यापेक्षा त्या मुलीला जास्त ओळखतोय. दोन्ही खरं. म्हणूनच जास्त चीड.
घरी येऊन पान सत्तावीसच्या खाली आजची तारीख घालून लिहिलं: शबानाचं म्हणणं. काळेसरांचं म्हणणं, ‘धा वर्सं’ सकट. साक्षीला मी उठवलं आणि काय झालं तेही. आधीची एकही ओळ खोडली नाही.

शनिवार, ८
सकाळी वही आधी शबानाच्या हातात दिली. उभ्यानेच वाचली.
“माझं बरोबर लिहिलंय.” वही मिटून, “राग गेलेला नाही हं ताई.”
“जाऊ नये.”
अकराला कुलकर्णीमॅडमकडे. ‘धा वर्सं’ वर बोट थांबलं. “यातली तीन वर्षं माझी आहेत.” आवाज चढवला नाही. हसल्या नाहीत. सहीही केली नाही. वही घेऊन प्राचार्यांच्या खोलीत गेल्या, दार लावून घेतलं.
दोनला बाहेर आल्या. माझ्याकडे न बघता जेवायला गेल्या. वही आतच.
सावंतबाईंना विचारलं. त्यांनी खण उघडून दोन कागद दाखवले.
“यादी दोनदा टाइप करून घेतलीय प्राचार्यसाहेबांनी. एकीत तुम्ही आहात, एकीत नाही. चारला सांगतील ती लावायची.”
“आणि दुसरी?”
“दुसरी फाडायची. यावर क्रमांक नसतात हो.”
आता तीन वीस. सूचनाफलकासमोरच्या बाकावर बसलेय. शबाना आली, एक जागा सोडून बसली. सावंतबाईंच्या हातात टाचण्यांची डबी दिसतेय.